दुरून आलेली दगडी कुऱ्हाड ओळखायची कशी

संग्रहालयाच्या कोठारातला खोका उघडला की सगळ्यांचे हात सर्वांत हिरव्या, सर्वांत चकचकीत कुऱ्हाडीकडे जातात आणि कुणीतरी लगेच ‘जेड’, म्हणजे मौल्यवान हिरवा दगड, म्हणून टाकतं. मी खडकांची माणूस. पुरातत्त्ववाले मला बोलावतात ते दगडाचं नाव सांगायला, आणि माझा बराच वेळ हा शब्द परत घ्यायला लावण्यात जातो. हिरवे खडक आणि खनिजं अनेक आहेत: सर्पेंटाइन हिरवा असतो, नेफ्राइट हिरवा असतो. युरोपातल्या नवाश्मयुगात आल्प्समधून शेकडो किलोमीटर फिरलेला जो दगड, तो प्रामुख्याने जेडाइटचा आणि त्याच्या सोबतीला सापडणाऱ्या एक्लोगाइटसारख्या खडकांचा.

म्हणून सुरुवात तराजूपासून करा. कुऱ्हाड आधी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांमधल्या फरकाने भागा. ३३० ग्रॅमची कुऱ्हाड पाण्यात २३० भरली तर उत्तर ३.३, म्हणजे जेडाइटची शक्यता धरून पुढे जायला हरकत नाही. ३ च्या आसपास आलं तर नेफ्राइट, २.६ च्या आसपास आलं तर सर्पेंटाइन किंवा फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड. पात्यावर राळेचे किंवा दांड्याचे अवशेष चिकटलेले दिसले तर मात्र पाण्याजवळ नेऊ नका. आणि चाकूने ओरखडा काढून कठीणपणा बघायची हौस कुणाला असेल, तर त्याला खोलीबाहेर बसवा.

यातून कळतो तो दगड. डोंगर कळायला आणखी काम लागतं. जुनी पद्धत म्हणजे कुऱ्हाडीतून चकती कापायची, ती ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं बघायची. ब्रिटनमध्ये हजारो कुऱ्हाडी अशा तपासल्या गेल्या आणि त्यांचे क्रमांकांचे गट पडले. वायव्य इंग्लंडच्या कंब्रियातल्या लँगडेलच्या ज्वालामुखी राखेच्या खडकाचा गट सहावा, उत्तर आयर्लंडमधल्या टिव्हबुलिया आणि रॅथलिन बेटावरच्या पोर्सेलॅनाइट या कठीण, बारीक कणांच्या खडकाचा नववा. आता कापाकापी टाळता येते. खडकावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट मोजतात आणि खाणीतून आणलेल्या नमुन्यांशी ताडून बघतात. ताडायला नमुने नसतील तर महागडं यंत्रही गप्प बसतं. आल्प्सच्या बाबतीत नेमकं तेच अडलं होतं. पियेर आणि अ‍ॅन-मारी पेत्र्कँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जोडप्याने २००३ मध्ये इटलीतल्या मोंते विझोवर २,००० मीटरपेक्षा उंच जागी खाणी शोधल्या, तेव्हा हे कोडं सुटायला लागलं. त्याआधी ती दोघं न्यू गिनीत, दगडी कुऱ्हाडी घडवणाऱ्या लोकांमध्ये काम करत होती. चांगल्या दगडासाठी माणूस किती आडवाटेला जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अंतर मोजण्याआधी दोन संशय फेडून घ्या. पहिला नदीचा आणि हिमनदीचा. पर्वतातला दगड गोट्यांच्या रूपात खाली सपाटीवर येतो, तिथे कुणी उचलला तर त्यात देवाणघेवाण कसली? दुसरा संशय अलीकडच्या माणसांचा. युरोपभर शेतकरी अशा कुऱ्हाडींना वीज पडून जमिनीत रुतलेले दगड समजत आणि घरावर वीज पडू नये म्हणून जपून ठेवत. त्यानंतर संग्राहक आले, दलाल आले. ‘अमुक गावाजवळ सापडली’ एवढीच नोंद असेल तर ती कुऱ्हाड नकाशावर पोकळ ठिपक्याने दाखवा. उत्खननातल्या कुऱ्हाडीला भरीव ठिपका.

आता भिंग घेऊन धारेवर या. लाकडावर चाललेल्या कुऱ्हाडीची धार बारीक उडालेली असते, पुन्हा घासून तिची लांबी कमी झालेली असते, धारेशी काटकोनात ओरखडे दिसतात. माझ्या मते खरी मजा उलट बाजूला आहे: जिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त कष्ट घेतलेले दिसतात तिथे. लाकूड तोडायला फक्त धार घासली तरी चालते. मग टोकापासून टोकापर्यंत आरशासारखी झिलई कशासाठी? पातं इतकं पातळ की पहिल्याच घावात मोडेल, ते कशासाठी? फ्रान्सच्या वायव्य टोकाला असलेल्या ब्रिटनीतल्या कारनाक परिसरात आल्प्सहून आलेल्या कुऱ्हाडी पुन्हा घासून आणखी पातळ केल्या, काहींना भोकंही पाडली. लँगडेलला तर सोप्या जागी तसाच दगड मिळत असताना लोकांनी पाइक ओ’ स्टिकलच्या कड्यावर, अरुंद कपारींत खणलं. हे सोयीचं गणित नव्हे. दगड कुठून आणला याला किंमत होती.

मग सापडल्याची जागा. इंग्लंडच्या सॉमरसेटमधली स्वीट ट्रॅक ही दलदलीवरची लाकडी पायवाट. झाडांच्या वलयांवरून तिचं लाकूड इ.स.पू. ३८०७-३८०६ मध्ये तोडलेलं ठरलं आहे. तिच्या कडेला जेडाइटची कुऱ्हाड मिळाली, दांडा नाही, वापराची खूण नाही. ब्रिटनीत मॅने एर ह्रोएक इथल्या मोठ्या थडग्यात शंभराहून जास्त दगडी कुऱ्हाडी होत्या. तिथेच क्विबेरॉनजवळ चार कुऱ्हाडी धार वर करून जमिनीत उभ्या रोवलेल्या मिळाल्या. झोपडीच्या केरात सापडलेली मोडकी कुऱ्हाड आणि ही, दोन्ही एकाच खाणीतल्या असल्या तरी तुमच्या टिपणात एका रकान्यात बसता कामा नयेत.

केवळ अंतरावरून ‘प्रतिष्ठेची वस्तू’ असा शेरा मारणाऱ्यांना मी ऑब्सिडियनचं उदाहरण देते. मध्य अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, ही ज्वालामुखी काच सुमारे ७०० किलोमीटरवरच्या पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोपर्यंत पोचली होती, आणि कितीतरी ठिकाणी तिची पाती चक्क रोजच्या कापण्या-सोलण्याला लागली. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे स्रोत रासायनिक घटकांवरून ओळखले. स्रोताभोवती सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत कापण्याच्या दगडांत तिचाच भरणा, त्यापलीकडे प्रमाण झपाट्याने घसरतं. गाव शेजारच्या गावाला देतं, ते पुढच्याला, प्रत्येक जण थोडं स्वतःकडे ठेवतो. अशा हातोहात जाण्याचा आलेख असाच उतरतो. तुमच्याकडे पुरेशा कुऱ्हाडी असतील तर हा आलेख जरूर काढा. स्रोतापासून खूप लांब मध्येच एखादा उंचवटा आला, तर तिथे वस्तू साठवणारं, मागवणारं कुणीतरी होतं असा विचार सुरू करता येतो. जेडाइटच्या बाबतीत असा उंचवटा कारनाकला आहे. दोन-चार कुऱ्हाडींवर मात्र आलेख काढू नका.

शेवटी नकाशा. मोंते विझोपासून सापडल्या जागेपर्यंत सरळ बाण ओढायचा मोह होतो, तो आवरा. स्पेनच्या गालिसियात मिळालेली कुऱ्हाड ब्रिटनीच्या घडणीची असेल तर ती आधी वायव्येला गेली, तिथे तिचं रूप बदललं आणि मग ती दक्षिणेला उतरली. दोन टप्पे काढा, आणि वाटेचा पुरावा नाही म्हणून दोन्ही तुटक रेषांनी.