यूकेत नोकरी आणि छोटा धंदा सांभाळताना टॅक्सचं प्लॅनिंग कसं करायचं

यूकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांना टॅक्स आठवतो तो जानेवारीत, ३१ तारीख तोंडावर आली की. मग पावत्या शोधा, बँकेची स्टेटमेंट काढा, ओळखीत कुणी अकाउंटंट आहे का विचारा. पण जानेवारीत हातात फारसं काही उरलेलंच नसतं, कारण ज्या वर्षाचा हिशोब करतोय ते आदल्या ५ एप्रिललाच संपलेलं असतं. जे काही वाचवायचं ते ५ एप्रिलच्या आतच. म्हणून खालचं सगळं त्या अंदाजाने वाचा. आकडे २०२५-२६ या टॅक्स वर्षाचे आहेत.

१. आधी स्वतःचा आकडा काढा

पहिल्या १२,५७० पौंडांवर टॅक्स नाही, तिथून ५०,२७० पर्यंत २० टक्के, मग १,२५,१४० पर्यंत ४० आणि त्यावर ४५ टक्के (स्कॉटलंडमध्ये पगार आणि धंद्याच्या नफ्यासाठी टप्पे वेगळे आहेत, तिकडे राहणाऱ्यांनी ते बघावेत). यात पगार, धंद्याचा नफा, भाडं आणि व्याज सगळं एकत्र धरायचं, भारतातलंसुद्धा. एका कागदावर अंदाजे बेरीज करा, फेब्रुवारीत केलीत तर उत्तम कारण मग हालचाल करायला महिनाभर तरी मिळतो.

२. धंद्याची नोंदणी वेळेवर करा

नोकरी सांभाळून डबे देणं, केक, मेंदी, ट्यूशन, वीकेंडचं फ्रीलान्स काम, हे सगळं धंद्यातच मोडतं. वर्षाची एकूण जमा (नफा नाही, जमा) १,००० पौंडांच्या वर गेली की टॅक्स वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटसाठी (म्हणजे स्वतः टॅक्स रिटर्न भरण्यासाठी) नाव नोंदवायचं. मग पोस्टाने १० आकडी यूटीआर नंबर (तुमचा टॅक्सचा ओळख क्रमांक) येतो, त्याला वेळ लागतो म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. खाण्यापिण्याचं काम असेल तर सुरू करायच्या निदान २८ दिवस आधी काउन्सिलकडेही नोंदणी लागते, ती फुकट असते.

३. खर्च त्याच दिवशी लिहा

लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हिशोब करूनच दाखवते.

समजा एका ताईंचा नोकरीचा पगार ३२,००० आहे आणि घरून डब्यांचा धंदा आहे. वर्षाची जमा ९,०००, सामान, कंटेनर, इन्शुरन्स असा लिहून ठेवलेला खर्च ३,८००, म्हणजे नफा ५,२००. त्यावर २० टक्के, १,०४० पौंड टॅक्स. धंद्याचा नफा १२,५७० च्या खाली असल्यामुळे क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स (धंद्याच्या नफ्यावर लागणारं) नाही. इथपर्यंत ठीक आहे. पण बिल १,००० च्या वर गेलं आणि एकूण टॅक्सपैकी ८० टक्क्यांपेक्षा कमी पगारातून कापला गेला असेल तर एचएमआरसी (यूकेचं टॅक्स खातं) पुढच्या वर्षाचा ॲडव्हान्सही मागते, त्याला पेमेंट्स ऑन अकाउंट म्हणतात. ताईंच्या पगारातून ३,८८६ कापले गेले, ते एकूण टॅक्सच्या ७९ टक्क्यांच्या आसपास येतात, म्हणजे ८० ला थोडक्यात कमी पडले. त्यामुळे ३१ जानेवारीला १,०४० अधिक ५२० असे १,५६० भरायचे आणि ३१ जुलैला परत ५२०.

आता त्यांनी डबे पोचवायला वर्षभरात ६०० मैल स्वतःची गाडी चालवली आणि ते लिहून ठेवले असते तर? पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स प्रमाणे २७० पौंड खर्च वाढतो, नफा ४,९३० आणि टॅक्स ९८६. हजाराच्या आत आला, ॲडव्हान्स गेला, जानेवारीत १,५६० च्या जागी फक्त ९८६. एवढा फरक एका छोट्या वहीमुळे पडतो, म्हणून गाडीत वही ठेवा आणि तारीख, कुठून कुठे, किती मैल एवढंच लिहा. (घर ते ऑफिस हा नोकरीचा प्रवास यात धरता येत नाही.)

दुकानात गेलात की दोन बिलं करा, घरचं वेगळं आणि डब्याचं वेगळं, कारण एकाच बिलात घरची डाळ, साबण आणि डब्याचा तांदूळ असला की आठ महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. घरून महिन्याला २५ ते ५० तास काम होत असेल तर १० पौंड फ्लॅट रेट लावता येतो, जास्त तासांना १८ आणि २६. आणि तुमचा खरा खर्च हजाराच्याही खाली असेल तर खर्च सोडून द्या, सरळ १,००० चा ट्रेडिंग अलाउन्स (जमेतून सरसकट वजावट) घ्या. दोन्ही एकत्र मात्र मिळत नाही. पावत्या ३१ जानेवारीच्या त्या डेडलाइननंतर ५ वर्षं सांभाळायच्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी चालतं.

४. नवरा-बायको दोघांचा मिळून विचार करा

एकाचं उत्पन्न १२,५७० च्या खाली आणि दुसरा २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर मॅरेज अलाउन्स (एकाच्या न वापरलेल्या टॅक्स-फ्री रकमेचा काही भाग दुसऱ्याला देणं) घ्या, वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतात आणि मागच्या ४ वर्षांचंही मागता येतं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कितीतरी जणींच्या घरी हे कुणी घेतलेलंच नसतं, बघून वाईट वाटतं. सरकारी वेबसाइटवर फुकट अर्ज होतो, कमिशन घेऊन करून देणाऱ्यांकडे जाऊ नका.

मुलं असतील तर दोन आकडे लक्षात ठेवा, ६०,००० आणि १,००,०००. दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याचं साठ हजारांच्या पुढे गेलं की चाइल्ड बेनिफिट हळूहळू परत जायला लागतं आणि ८०,००० ला पूर्ण जातं. एक लाखाच्या पुढे दर २ पौंडांमागे १ पौंड पर्सनल अलाउन्स (ते पहिले १२,५७० टॅक्स-फ्री पौंड) कमी होतो, म्हणजे त्या पट्ट्यात टॅक्स प्रत्यक्षात ६० टक्के बसतो, शिवाय टॅक्स-फ्री चाइल्डकेअर आणि नर्सरीचे ३० तासही जातात.

यावर उपाय पेन्शन. पगार १,०८,००० असेल आणि ८,००० पेन्शनमध्ये गेले, तर ४,८०० टॅक्स वाचतो आणि नर्सरीही टिकते. आयटीतल्या मंडळींना मार्चमध्ये बोनस येतो तेव्हा हे आधी बघा. कंपनीत सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा भाग हातात न घेता थेट पेन्शनमध्ये वळवणं) असेल तर एचआरला आधीच सांगावं लागतं, बोनस खात्यात जमा झाल्यावर तो मार्ग बंद होतो, मग स्वतःच्या खाजगी पेन्शनमध्ये ५ एप्रिलच्या आत भरणं एवढंच राहतं.

५. भारतातलं उत्पन्न दाखवाच

"एनआरई एफडीचं व्याज टॅक्स फ्री आहे" हे वाक्य आपल्या लोकांत इतकं पक्कं बसलंय की यूकेत ते लागू नाही हे पटतच नाही. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या खात्याचं व्याज, भारतात टॅक्स फ्री आहे. तुम्ही यूकेचे टॅक्स रेसिडेंट असाल तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं असतं, त्यात एनआरईचं व्याज आलं, पीपीएफचं आलं, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही आलं. भाड्यावर भारतात मिळणारी ३० टक्के सरसकट वजावट इथे चालत नाही, प्रत्यक्ष खर्चच धरावा लागतो. आणि भारतातल्या बहुतेक म्युच्युअल फंडांच्या नफ्यावर इथे कॅपिटल गेन नाही तर इन्कम टॅक्सच्या दराने आकारणी होते, विकायच्या आधी हे माहीत असू द्या.

एनआरओ खात्याच्या (भारतातली कमाई जमा होते त्या) व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते, पण भारत-यूके करारात व्याजावरचा भारतीय टॅक्स १५ टक्क्यांपर्यंतच आहे आणि एचएमआरसी क्रेडिटही तेवढ्याचंच देते. वरचे पैसे भारतात रिटर्न भरून परत मागा, नाहीतर एचएमआरसीकडून रेसिडेन्सचं सर्टिफिकेट काढून भारतातल्या बँकेला द्या म्हणजे आधीच कमी कापतील. व्याजाचं स्टेटमेंट ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं काढायचं, भारतातलं मार्चअखेरचं नुसतं उतरवू नका.

नवीन आलेल्यांसाठी एप्रिल २०२५ पासून एक सवलत आहे: आधी सलग १० वर्षं यूकेचे रेसिडेंट नसाल तर पहिली ४ वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर सूट मागता येते. पण ती मागितली की पर्सनल अलाउन्स जातो. भारतात पाचसहाशे पौंड व्याज असलेल्या माणसाने ती मागितली तर नुकसानच होतं, त्याच्यासाठी २० टक्केवाल्यांना मिळणारा १,००० चा सेव्हिंग्ज अलाउन्स (एवढं व्याज टॅक्स-फ्री) पुरेसा आहे.

दोन्ही देशांत बँकांची माहिती आपोआप एकमेकांकडे जाते. मागची वर्षं राहिली असतील तर पत्र यायच्या आधी स्वतःहून कळवा, दंड खूप कमी लागतो.

६. लिमिटेड कंपनी, व्हॅट वगैरे

मित्राने केली म्हणून कंपनी काढू नका. ५०,००० पर्यंत नफ्याला कॉर्पोरेशन टॅक्स १९ टक्के दिसतो, पण पैसे स्वतःकडे घेताना डिव्हिडंडवर परत टॅक्स आहे, त्याचा मोकळा भाग फक्त ५०० पौंड उरलाय, आणि वर अकाउंटंटची फी. तीसेक हजारांच्या खालच्या नफ्याला माझ्या मते सोल ट्रेडरच (कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा) बरा. व्हॅटच्या नोंदणीसाठी कुठल्याही मागच्या १२ महिन्यांची उलाढाल ९०,००० च्या वर गेली का हे दर महिन्याला बघा. आणि धंदा व भाडं मिळून जमा ५०,००० च्या वर असेल तर एप्रिल २०२६ पासून दर तिमाहीला सॉफ्टवेअरमधून हिशोब पाठवायचाय, एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० होते.

७. रिटर्न लवकर, पैसे वेगळे

धंद्याचे पैसे आले की २५ टक्के दुसऱ्या सेव्हिंग खात्यात टाका आणि विसरून जा. रिटर्न उन्हाळ्यातच भरा, लवकर भरलं म्हणून पैसे लवकर द्यावे लागत नाहीत, फक्त आकडा आधी कळतो. ३० डिसेंबरच्या आत ऑनलाइन भरलंत आणि देणं ३,००० च्या खाली असेल तर नोकरीवाल्यांना ते पुढच्या वर्षीच्या पगारातून हप्त्याने कापून घेता येतं. ३१ जानेवारी चुकली तर लगेच १०० पौंड दंड, टॅक्स शून्य असला तरी. हातात पैसे नसतील तरी रिटर्न भराच, कारण रिटर्न भरलेलं असलं आणि देणं ३०,००० च्या आत असलं की डेडलाइननंतर ६० दिवसांत ऑनलाइनच टाइम टू पे मागून हप्ते बांधून घेता येतात, व्याज लागतं पण पहिल्या ३० दिवसांत मागितलं तर उशिराचा ५ टक्के दंड टळतो.