लॅपटॉपला रॅम किती? ८ जीबीची १६ केली, अडखळणं थांबलं

लक्षण: लग्नाचे फोटो एडिट करताना ब्राउझर उघडला की माउस अडखळायचा, डिस्क १०० टक्क्यांवर जायची. टेम्प फाइल्स काढल्या, अँटिव्हायरस फिरवला, विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य, ऐन सीझनात जीव मेटाकुटीला आला. कमी पडत होती रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी; ती भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं, म्हणून डिस्क धावते. पणजीतल्या एका दुकानात थेट ३२ जीबी रॅम सुचवली. त्याआधी मोजून बघावं.

नेहमीचं सगळ्यात जड काम एकदम उघडा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडा आणि ‘कमिटेड’मधला (चालू कामांनी एकूण मागितलेली मेमरी, जीबीत) पहिला आकडा वाचा. माझ्याकडे रॅम ८, आकडा १३च्या आसपास. म्हणजे १६ पुरे. आकडा १६च्या वर राहत असेल, तरच ३२चा खर्च करा.

तिथेच ‘स्लॉट्स यूज्ड’ (रॅमची पट्टी बसवायच्या किती जागा भरल्यात) आणि रॅमचा स्पीड दिसतो. माझा एक स्लॉट रिकामा होता. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर५ बसत नाही, आणि काही मॉडेल्सची रॅम बोर्डवरच पक्की असते. म्हणून कमाल मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात बघाच. म्हापशाहून त्याच स्पीडची ८ जीबी आणली.

लॅपटॉप शटडाउन, चार्जर काढला, मग आतल्या बॅटरीची पिन. पट्टी तिरकी सरकवून, क्लिप्स खटकन लागेपर्यंत खाली दाबली. आता तेच काम चालू असताना डिस्क शांत असते.