रावेरला नोड लावायला निघण्याआधी

रावेरच्या केळीत बारा नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले छोटे डबे, लावायचे आहेत. मोजायचं ते : हवेचं तापमान, आर्द्रता, मातीचं तापमान आणि ओलावा. दिवस मे महिन्याचे. पंख्याखाली होण्यासारखं एकही काम बागेत न्यायचं नाही. दुपारी बारानंतर तिथे लॅपटॉपवरची अक्षरं दिसत नाहीत आणि डोकंही चालत नाही.

रेडिओ मॉड्यूलचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, आधी वाचून घ्या. लोरासाठी (थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा; ९१५ चं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी ते इथलं नव्हे. प्रोग्रॅममध्ये आयएन८६५, म्हणजे भारताचा पट्टा, निवडलंय ना, तेही बघा. रेंज कमी पडली की स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, म्हणजे संदेश किती ताणून सावकाश पाठवायचा तो आकडा) वाढवायचा मोह होतो. पण एसएफ ७ ला सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जाणारा छोटा संदेश एसएफ १२ ला सेकंदाहून जास्त घेतो, आणि तेवढा वेळ बॅटरी उपसली जाते. त्यापेक्षा गेटवेचा, म्हणजे सगळ्या नोडचे संदेश गोळा करणाऱ्या पेटीचा, अँटेना उंच चढवा. केळीची खोडं-पानं म्हणजे उभं पाणीच, लहरी गिळून टाकतात. लागवडीच्या वेळी मिळालेली रेंज निसवणीपर्यंत (घड बाहेर पडेपर्यंत) टिकेल असं धरू नका. भारनियमन आहेच, तेव्हा गेटवेला बॅटरी हवी.

खरा वेळ सॉफ्टवेअरवर घालवा. मातीत पुरायच्या डीएस१८बी२० या तापमान-सेन्सरची तार तुटली की तो वाचणारी नेहमीची लायब्ररी (तयार कोड) उणे १२७ देते, आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत विचारलं तर सेन्सर ८५ सांगतो. भुसावळचा उन्हाळा कितीही बदनाम असला तरी ८५ नाही! हे आकडे सरासरीत मिसळले की आठवड्याचा आलेख वाया. नोडवर ते गुपचूप गाळू नका; चुकीची खूण लावून तसेच पाठवा, म्हणजे कुठली तार गेली ते घरबसल्या कळेल. प्रत्येक संदेशात अनुक्रमांक, बॅटरीचं व्होल्टेज आणि शेवटचा रीसेट कशामुळे झाला ते असू द्या. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की नोड आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर, चालू हवा. गेटवे बंद असेल तेव्हाच्या नोंदी नोडच्या फ्लॅश मेमरीत साठवा, वेळेसकट.

निघण्याआधी बाराही नोड एकाच खोलीत रात्रभर शेजारी-शेजारी चालवा. एखादा दोन अंशांनी वेगळा बोलत असेल तर तो इथेच पकडायचा. ओलाव्याचा सेन्सर मात्र त्याच वावरातली माती आणून, कोरडी आणि भिजवलेली अशी, जुळवा. काळी माती वाळली की भेगा पडतात, सेन्सरभोवती हवा शिरते आणि ओल असूनही आकडा कोरडा येतो. म्हणून लावताना माती कालवून घट्ट दाबा, आणि ठिबकच्या ड्रिपरपासूनचं अंतर सगळीकडे एकच ठेवा.

डबा पांढरा, सावलीच्या बाजूला. मागे मी काळे डबे पश्चिमेच्या बांधावर टांगले होते. महिन्याभरात दोन सेल फुगले. साधा लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हातला डबा तो आकडा सकाळीच ओलांडतो. यंदा लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्या. हवेचा सेन्सर डब्याबाहेर, पांढऱ्या तबकड्यांच्या आडोशाला. केबल ग्लँड (तार डब्यात शिरते तिथली आवळायची बूच) घट्ट आवळा, नाहीतर मुंग्या आत संसार मांडतात.

थैलीत दोन जादा नोड, झिपटाय, मल्टिमीटर, लाल फडकी. फडकी काठीला बांधून प्रत्येक नोडशेजारी रोवा आणि सालदाराला सोबत घेऊन एकेक जागा दाखवा. गेल्या वेळी निंदणीत तीन तारा तुटल्या, त्यात त्याची चूक नव्हती. आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.