गोठवण्याआधीच मेलेले कोंब

स्ट्रॉबेरीचा वाण बियांपासून जसाच्या तसा मिळत नाही, म्हणून ऊतिसंवर्धनातील, म्हणजे बाटलीत पोषक माध्यमावर वाढवलेल्या, कोंबांची टोके उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपावी लागतात, हे या विषयाकडे वळणाऱ्याला ठाऊक असतेच. गोव्याच्या पावसाळ्यात बाटल्यांवर बुरशी चढू लागली, की नुसत्या उपसंवर्धनावर, म्हणजे कोंब पुन्हा पुन्हा ताज्या माध्यमावर हलवण्यावर, संग्रह टिकवणे किती अवघड असते, हेही लवकरच कळते.

माझा घोटाळा मात्र नायट्रोजनपर्यंत पोहोचण्याआधी, बर्फाच्या डब्यातच झाला. कोंबातील पाण्याचे स्फटिक न होता ते काचेसारखे घट्ट व्हावे, यासाठी वापरतात ते पीव्हीएस-२ द्रावण, म्हणजे ३० टक्के ग्लिसरॉल, १५ टक्के एथिलीन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) आणि ०.४ मोलर सुक्रोज, पेशींना विषारीही असते आणि तापमान वाढले की हा विषारीपणाही वाढतो. मे महिन्यात वीज गेली, खोली तापली, डब्यातील बर्फाचे पाणी झाले आणि मी शून्य अंशासाठी सांगितलेली ५० मिनिटे इमानाने मोजत बसले. त्यात भर म्हणजे, सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम एक मिलिमीटरचे टोक कापले, की ते मी थेट द्रावणात टाकत असे आणि वेळ शेवटच्या टोकापासून धरत असे. चाळीस टोके कापायला मला तासाहून अधिक वेळ लागे. म्हणजे पहिले टोक त्या द्रावणात दोन तास पडून असे. आता सगळी टोके आधी ०.३ मोलर सुक्रोजच्या माध्यमावर गोळा करते आणि मगच एकदम द्रावणात घालते.

४० अंशांच्या पाण्यात वितळवून १.२ मोलर सुक्रोजमध्ये धुतलेली ती टोके चार दिवस हिरवी दिसत आणि नंतर तपकिरी पडत. दोन महिने मी नायट्रोजनला दोष दिला. आमचे मार्गदर्शक ‘पद्धत छापील आहे, तशीच करा’ एवढेच म्हणत. छापील पद्धतीला आपल्या खोलीतला उकाडा माहीत नसतो, हे माझे मत तेव्हापासूनचे. अखेर दहा टोकांना नायट्रोजन वगळून बाकी सगळे सोपस्कार केले आणि तीही मेली. हा न गोठवलेला गट पहिल्या दिवसापासून ठेवा. तो नसेल तर तुमचा प्रयोग मला दाखवूही नका.

हिरवेपणावर विसंबू नका. पानांसह कोंब फुटला तरच टोक जगले असे धरावे, नुसता कॅलस, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, मोजू नये. रोपांना आधी चार-पाच अंशांवर दोन आठवडे थंडीची सवय लावण्याचा टप्पा घाईपोटी गाळणाऱ्यांचे मला नवलच वाटते. शिवाय एसीसाठी खिडक्या बंद ठेवून नायट्रोजन ओतू नका. त्याला वास नसतो आणि खोलीतील प्राणवायू कमी झाल्याचे कळतही नाही.

हात बसायला वेळ लागतो, पहिली शंभर टोके कचऱ्यात गेली तरी खचू नका, माझीही गेली. गेल्या हिवाळ्यात न गोठवलेल्या दहांपैकी नऊ फुटली, गोठवलेल्या दहांपैकी सहा, आणि त्या सहांतल्या एकाला आता कुंडीत पहिला रनर, म्हणजे नवे रोप देणारा जमिनीलगतचा धुमारा, आला आहे.