पीजेच्या माणसांच्या आठवणी कशा टिपून ठेवाव्यात

पाचोरा ते जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे जोडत सुमारे छप्पन्न किलोमीटरच्या वाटेवर शंभर वर्षे धावली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत जी थांबली ती पुन्हा निघाली नाही. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले, त्यामुळे जुन्या वाटेच्या खुणाही एकेक करून नाहीशा होणार हे उघड आहे. खान्देशात जिला सगळे नुसते ‘पीजे’ म्हणत, तिच्या इंजिनांची छायाचित्रे पुष्कळांनी काढली. पण ज्यांनी हा रूळ रोज पायी तपासला, फाटके उघडली आणि कोळसा टाकला, त्या माणसांचे बोलणे फार थोड्यांनी नोंदवले. ते कसे नोंदवावे, याविषयी गेल्या काही वर्षांत मी जे शिकलो ते येथे लिहितो.

सर्वांत आधी वयाचा विचार करावा. आपल्या ओळखीचा स्टेशन मास्तर किंवा गार्ड कितीही छान बोलत असला, तरी गँगमन, चावीवाला, खलाशी (रेल्वेतला मदतनीस कामगार) आणि वाफेच्या इंजिनावरचा फायरमन यांच्याकडे प्रथम जावे, कारण त्यांतले जुने लोक आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या कामाची लेखी नोंद सर्वांत कमी आहे. ही माणसे शोधायला कोणत्याही कचेरीत जावे लागत नाही. पेन्शनच्या तारखांना बँकेत आणि दर बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ती भेटतात, आणि एकाने दुसऱ्याचे घर दाखवले की वाट आपोआप सापडते.

पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेवावा. पहिल्याच दिवशी मी फोन समोर ठेवून एका आबांना विचारले होते, ‘आबा, गाडी बंद झाली तेव्हा तुम्हांला कसं वाटलं?’ आबा जागेवर सावरून बसले आणि सत्काराच्या भाषणात बोलावे तसे दोन मिनिटे बोलले. त्यात त्यांचे असे एकही वाक्य नव्हते. पुढच्या खेपेला मी विचारले, ‘सकाळी घरातून निघताना हातात काय असायचं?’ मग मात्र ते उठले, कोपऱ्यातली काठी हातात घेतली, ती खांद्यावर कशी टाकायची हे दाखवले आणि तासभर थांबले नाहीत. भावना विचारल्या तर माणूस औपचारिक होतो. काम विचारले तर ते हातांना आठवते, आणि हातांमागून बाकीचे सारे येते. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ही घ्यावी.

त्यासाठी आपल्याला कामाची थोडी तरी ओळख हवी. चावीवाल्याच्या कामाचेच उदाहरण घेऊ. त्याने आपला ठरलेला टप्पा रोज चालायचा, जाताना एका बाजूच्या रुळावर आणि येताना दुसऱ्या बाजूच्या रुळावर नजर ठेवायची, सैल झालेली चावी (रूळ खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरणारी पाचर) ठोकून बसवायची आणि फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, बोल्ट आवळायचे. दोन रुळांच्या सांध्यात फट मुद्दाम ठेवलेली असते. १३ मीटरचा पोलादी रूळ ४० अंशांनी जास्त तापला की सुमारे ६ मिलिमीटर लांबतो, आणि खान्देशातल्या वैशाखात तर रुळाला हात लावता येत नाही. फट नसेल तर रुळाला पसरायला जागा मिळत नाही आणि तो बाजूला वाकतो. म्हणून सांधे उघडून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा बसवण्याचे काम थंडीच्या महिन्यांत उरकून घेतात. हे आपल्याला ठाऊक असले तर ‘उन्हाळ्यात फार काम असायचं का?’ असा पोकळ प्रश्न न विचारता ‘दुपारच्या उन्हात सांध्याची फट मिटली आहे हे कसं ओळखायचात?’ असे विचारता येते. त्या आबांनी यावर तर्जनीचे नख दाखवले आणि सांगितले की सांध्याशी बसून फटीत नख घालून पाहायचे. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती.

पावसाळ्याचा विषय वेगळा काढावा. इथली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रूळ कुठे बसतो, कुठे उचलतो. मग पहारीने रूळ उचलून, बीटरने स्लीपरखाली खडी ठासून तो पुन्हा समपातळीत आणायचा. कोणत्या ठिकाणी दर वर्षी रूळ बसायचा, रात्रीच्या गस्तीत कोणत्या नाल्याचे पाणी पाहायचे आणि कुठल्या खुणेपर्यंत पाणी चढले की गाडी थांबवायची, हे ज्याच्या त्याच्या टप्प्यापुरते पाठ असते. ते गावाच्या किंवा शेताच्या नावासकट लिहून घ्यावे. ते कागदाच्या नकाशावर दाखवून घेता आले तर उत्तमच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत पाचोरा आणि जामनेर ही दोन्ही गावे ‘४६ पी’ या क्रमांकाच्या गटात येतात. पायी चालणे शक्य असेल तर त्या माणसाला घेऊन जुन्या वाटेवर थोडे अंतर चालावे, मात्र जिथे नव्या मार्गाचे काम चालू असेल तिथे परवानगीशिवाय जाऊ नये आणि वयोवृद्ध माणसाला उन्हात नेऊ नये. घरी दोन तास न आठवलेले नाव फाटकाच्या पडक्या खोलीसमोर उभे राहिल्यावर चटकन तोंडी येते, हे मी स्वतः पाहिले आहे.

सनावळीसाठी कुणालाही अडवू नये. ‘नोकरीला कोणत्या साली लागलात?’ या प्रश्नाला बहुधा चुकीचे उत्तर मिळते, पण ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही सुकडी खाल्ली तेव्हा नोकरी लागली होती का?’ याला अचूक मिळते. मे १९७४ चा रेल्वे संप हा असाच पक्का खुंटा आहे: त्या वेळी कोण कामावर होते, कोण बाहेर होते आणि घरी चूल कशी पेटली, हे सर्वांना आठवते. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद आणि जुने पास यांवरून नंतर तारखा ताडून पाहता येतात. जुन्या सरकारी कागदांत शोध घेताना ‘जळगाव जिल्हा’ न शोधता ‘पूर्व खान्देश’ शोधावे, कारण १९०६ ते १९६० या काळात जिल्ह्याचे नाव तेच होते. आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे होण्यापूर्वीच्या कागदांवर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल हे लक्षात ठेवावे.

बोली सुधारू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पाचोऱ्याकडचा माणूस ‘गाडी उनी’ म्हणत असेल तर तेच लिहावे, ‘गाडी आली’ नव्हे. जामनेरकडच्या तावडी बोलीलाही हाच नियम लावावा. वहीत डाव्या पानावर त्याचे शब्द आणि उजव्या पानावर आपला अर्थ, अशी मांडणी मला सोयीची वाटते. शुद्धलेखनाच्या नादात आपण त्या माणसाचा आवाज घालवतो आणि उरते ते आपलेच निवेदन.

घरातल्या बायकांशी वेगळे बोलावे. पुरुष समोर असला की आजी ‘मला काय ठाऊक, त्यांनाच विचारा’ म्हणतात. तो शेतावर गेला की त्यांच्याकडून कळते की रात्रपाळीचा डबा किती वाजता बांधायचा, फाटकाच्या खोलीत पाणी कुठून यायचे, गाडीच्या शिटीवर कोणती भाजी चुलीवर चढायची, आणि शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला डब्यात उभे राहायलाही जागा कशी नसायची.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडेच सांगतो. पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्याच्या छातीपासून हातभर अंतरावर पालथ्या वाटीसारख्या एखाद्या उंचवट्यावर ठेवावा आणि आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी ऐकून पाहावी. एका कानाच्या (मोनो), ४८ किलोहर्ट्‌झच्या साध्या वेव्ह फाइलला तासाला साधारण ३५० मेगाबाइट जागा लागते. माझी एक दीड तासाची मुलाखत फोनमधली जागा संपल्याने चाळिसाव्या मिनिटाला तुटली, आणि ते गृहस्थ पुढच्या पावसाळ्यात गेले. त्याच दिवशी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि तिसरी त्या घरी द्यावी. छायाचित्रे अल्बममधून ओढून काढू नयेत. खिडकीजवळच्या सावलीत ठेवून वरूनच टिपावीत आणि मागे काही लिहिलेले असल्यास तेही.

संमती प्रत्येक वेळी विचारावी, आणि अपघात, निलंबन किंवा वरिष्ठांशी झालेला वाद असे काही निघाले तर फोन थांबवून पुन्हा विचारावी. माणूस बोलताना सहज सांगून जातो आणि रात्री त्याला काळजी वाटते. सहकाऱ्याचे नाव त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये.

शेवटी लिहून काढलेला मजकूर घेऊन त्या घरी परत जावे आणि मोठ्याने वाचून दाखवावा. त्या आबांना मी वाचून दाखवत होतो. ‘आबा रुळावर हातोडा मारून आवाज ऐकायचे’ या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘मारून नाही, टेकवून. मारला की सगळेच रूळ सारखे बोलतात.’ मी ते वाक्य तिथेच खोडून त्यांच्या शब्दांत लिहिले, आणि त्यांनी पुढे वाचायला सांगितले.