यंत्रं यायच्या आधी : बेळगावातल्या अन्नसंशोधन केंद्राची तयारी

फोर्टिफिकेशन (म्हणजे रोजच्या अन्नात लोह, जीवनसत्त्वं वगैरे मिसळणं) आणि अन्नसुरक्षेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या बेळगाव भागात व्हावं म्हणून मंडळी धडपडताहेत. त्यासाठी काय काय तयारी लागेल ते लिहून दे, असं मला सांगितलं. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावर लिहिते आहे. पहिल्याच बैठकीत बोलणं जागेवर आणि यंत्रांच्या किमतींवर गेलं. माझी यादी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते.

आधी एक जाड वही घ्या आणि घरोघरी कोण काय खातं ते लिहा. खानापूर तालुक्यात दोन्ही वेळा भात, अथणी-सौंदत्तीकडे जोंधळ्याची भाकरी. एकाच जिल्ह्यात ताट बदलतं. नियमाप्रमाणे फोर्टिफाइड तांदळाच्या एका किलोत लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड 75 ते 125 मायक्रोग्रॅम आणि बी-12 जीवनसत्त्व 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम असायला हवं. दिवसाला तीनशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून 8.4 ते पावणेतेरा मिलिग्रॅम लोह मिळेल. भाकरीवर भागवून मूठभर भात घेणारीला दोन-अडीच मिलिग्रॅमही कठीण. शिवाय जोंधळ्यातलं फायटेट (धान्यात मुळातच असणारं, लोह अडवणारं द्रव्य) आणि जेवणानंतरचा चहा दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत, म्हणून चहा केव्हा पितात तेही विचारायचं. रेशनचा तांदूळ किती आणि दुकानातला किती, तेल सुटं घेतात की पाकिटातलं, मीठ कुठलं, हे ऋतूप्रमाणे पुन्हा पाहायचं. ही वही नसेल तर पुढचं सगळं संशोधन हवेत राहील.

त्याच फेरीत स्वयंपाकघरात बसायला शिका. आमच्या घरी काकू रेशनचा तांदूळ सुपात घेऊन निवडते आणि वेगळे दिसणारे दाणे काढून टाकते. ते पाण्यावर तरंगतात, म्हणून गावात त्यांना प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात. खरं तर तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून यंत्रातून पाडलेले ते दाणे असतात, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. काकूने ते काढले की उरतो तो साधा तांदूळ. तिची चूक नाही, तिला कुणी तिच्या भाषेत सांगितलंच नाही. पाकिटावरचा मजकूर कायद्याने इंग्रजीत किंवा हिंदीत पुरतो. आपल्या गावांत मराठीत आणि कन्नडमध्ये सांगावं लागेल, आणि तेही अंगणवाडी सेविकेच्या तोंडून, कारण तिच्या शब्दावर घरं विश्वास ठेवतात. भात वेळून पेज टाकून देणारी घरं वेगळी नोंदवा, पेजेबरोबर जीवनसत्त्वंही जातात का ते पाहायचं आहे. केंद्राच्या नकाशात एक साधी चूल आणि गॅसची शेगडी असलेली खोली हवीच. तिथं गावातल्या बायकांनी रोजच्यासारखा भात करावा, आणि भात आणि पेज यांची तपासणी वेगवेगळी व्हावी.

आता नमुन्याचं, आणि इथं मी थोडी हट्टी आहे. तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण वीस ग्रॅम भरतं. तुम्ही दहा ग्रॅम चिमटीने उचलले तर त्यात पाचशे दाणे आणि अपेक्षेप्रमाणे पाच फोर्टिफाइड. पण नशिबाने तीनही येतील, सातही. मग अहवालात एकच पोतं कधी नापास, कधी उत्तम. म्हणून पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी नळीने नमुना काढणं, तो एकत्र करून चार भागांत विभागणं, दळून मगच मोजणं, हे हाताखालच्या मुलांना महिनाभर शिकवा. माझ्या उमेदवारीच्या काळात फाटक्या पिशवीतून, तारीख नसलेला, उन्हात तापलेला तेलाचा नमुना आला होता. त्यातल्या ए जीवनसत्त्वाचा आकडा आम्ही काढला, पण त्याला काहीच अर्थ नव्हता. प्रकाशाने ते जीवनसत्त्व मरतं. तपकिरी बाटल्या, थंड पेटी आणि नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची चिठ्ठी, ही खरेदी यंत्रांच्या आधी करा.

यंत्रांबद्दल थोडक्यात. जीवनसत्त्वं मोजायला एचपीएलसी, लोह मोजायला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं यंत्र, पुढे पैसे आले की आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी थोडे धातूही मोजणारं यंत्र. मिठातलं आयोडीन साध्या टायट्रेशनने (द्रावण थेंबथेंब घालून मोजण्याच्या रीतीने) कळतं, तेव्हा सुरुवात तिथून करा. ग्राहकाच्या हातात किमान 15 पीपीएम (किलोला 15 मिलिग्रॅम) हवं. वीज स्थिर ठेवणारी सोय, आर्गॉनच्या सिलिंडरचा पक्का पुरवठा आणि वापरलेल्या द्रावकांची विल्हेवाट आधीच ठरवा. ते पाणी मार्कंडेय नदीत जाता कामा नये. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ 17025 या मानकाप्रमाणे कागद पहिल्या दिवसापासून लिहिले, तर पुढे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता मागताना रात्री जागाव्या लागणार नाहीत.

सुरक्षेच्या बाजूला आपल्याकडचे दोन प्रश्न आधी घ्या. भुईमूग, मका आणि पेंड ओलसर राहिली की बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि जनावराने ती खाल्ली की दुधात उतरतं. दुधासाठी मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. दुसरा गूळ. रंग उजळ दिसावा म्हणून हायड्रोस (रंग उडवणारं रसायन) घालतात, कारण काळपट गुळाला बाजारात भाव कमी. गुऱ्हाळवाल्याशी भावाबद्दल बोललात तरच तो हायड्रोसबद्दल खरं सांगेल. इथं एक रेघ स्पष्ट आखा : कायद्याचा नमुना अन्नसुरक्षा अधिकारी घेतो, आपण घेऊ तो संशोधनाचा. हे दोन मिसळले की पुन्हा कुठलंही गुऱ्हाळ दार उघडणार नाही.

लोकांचं रक्त तपासायचं असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी हवी, आणि संमतीपत्र मराठीत व कन्नडमध्ये, वाचून दाखवलेलं. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांना लोह देण्याआधी डॉक्टरचं मत घ्या. सल्ल्यासाठी जागा आहेत : बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ, म्हैसूरला 1950 पासूनची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था.

घरोघरच्या फेरीत खानापूर तालुक्यातली जांबोटी, कणकुंबीकडची गावं मेअखेर करून घ्या. जून लागला की तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पण घरात ओल धरल्यावर फोर्टिफाइड दाण्यांतल्या जीवनसत्त्वांचं काय होतं हेही पाहायचंच आहे, म्हणून ऑगस्टमध्ये त्याच घरांत दुसरी फेरी. तांदळाचा डबा घरात कुठं ठेवतात, चुलीजवळ की भिंतीला टेकून, हे पहिल्याच फेरीत वहीत लिहून घ्या.