सेमिस्टर चालू असताना पियानोची धून अर्धवट राहू नये म्हणून
परीक्षेच्या आठवड्यात सुचलेली धून महिनाभराने हाती लागत नाही, कारण फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) नीट ओळखू येत नाहीत. म्हणून 8 बार (ठेक्याची आवर्तनं) रेकॉर्ड केले की लगेच वहीत स्केल, टेम्पो (मिनिटाला ठोके), कॉर्ड लिहितो: ए मायनर, 72, ए मायनर–एफ–सी–जी. पुढचं सुचत नसेल तर उजवा हात तोच ठेवून कॉर्ड बदला. सी हा सूर यातल्या पहिल्या तिन्हींत बसतो. हा उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

रात्री हेडफोन लावून लॅपटॉपवर वाजवताना सूर उशिरा येतो? विंडोजवर आधी एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) निवडा, मग बफर (एका वेळी साठवले जाणारे आवाजाचे नमुने) 1024 वरून 256 करा. 44,100 सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) बफरचा उशीर सुमारे 23 वरून 6 मिलिसेकंदांवर येतो. आवाज तडतडला तर 512.